फाटक कोणाच्या खात्यात?

३ फेब्रुवारी २००५. नागपूरजवळच्या कन्हान परिसरात लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली रामटेकच्या रेल्वेमार्गावरून पलीकडे जात होती. त्या जागेला कागदोपत्री फाटक म्हणत. प्रत्यक्षात तिथे आडवा दांडा नव्हता, दिवा नव्हता, माणूसही नव्हता. रामटेक मार्गावरची पॅसेंजर गाडी आली आणि ट्रॉलीवर आदळली. पन्नासहून अधिक वऱ्हाडी मेले. विदर्भातल्या कितीतरी घरांत त्या लग्नसराईचे सुतक शिरले.

अपघात झाला की पहिला प्रश्न येतो तो चूक कोणाची हा. या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३१ सांगते की बिनमाणसाच्या फाटकाशी आल्यावर चालकाने वाहन थांबवावे, कंडक्टरने किंवा सोबतच्या माणसाने उतरून रुळापर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना गाडी नाही याची खात्री करावी आणि मगच वाहन पुढे काढावे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १६१ त्याच्याही पुढे जाते: अशा फाटकावर बेफिकिरीने वाहन घालणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. त्यामुळे बिनमाणसाच्या फाटकावरचा मृत्यू रेल्वेच्या दृष्टीने रस्त्यावरच्या माणसाच्या चुकीचा मृत्यू ठरे. इंजिनचालक आपले काम करतच असतो. रुळाच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी दिसली की तो फाटक येईपर्यंत शिट्टी वाजवत राहतो. पण वेगात असलेली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते आणि ट्रॅक्टरच्या फटफटीत शिट्टी ऐकू येत नाही. समोर ट्रॉली दिसल्यावर चालकाच्या हातात ब्रेक लावण्यापलीकडे काही उरत नाही.

चूक कोणाची यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. त्या जागी दांडा आणि माणूस का नव्हता? त्याचा पैसा कोणी द्यायचा होता? या प्रश्नाचा इतिहास कन्हानपेक्षा शंभरेक वर्षांनी जुना आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, तेव्हापासून रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदत आले आहेत. जिथे दोघे एकाच पातळीवर भेटतात तिथे एकाला थांबावेच लागते आणि कोणी थांबायचे हे वजनावरून ठरते. पूल बांधला तर कोणालाच थांबावे लागत नाही, पण पुलाला पैसे पडतात. दख्खनमध्ये रूळ पसरले ते बहुतांशी टंचाईच्या दिवसांत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने माणसे मुंग्यांसारखी मेली, धान्य बाजारात असूनही गावापर्यंत पोचले नाही. तेव्हा सरकारने दुष्काळी भागांत स्वस्तातले मार्ग टाकायला सुरुवात केली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने होटगी-गदग आणि पुणे-लोंढा असे मार्ग घातले. मीटरगेज घेतला तो खर्च वाचवायला. अशा मार्गावर प्रत्येक गाडीवाटेसाठी पूल बांधणे कोणाच्या मनातही आले नसते.

म्हैसूर संस्थानातही हेच घडले. १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली तिथली लोकसंख्या १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली होती. त्या पडझडीतून उठताना संस्थानाने बेंगळूर-म्हैसूर मार्ग पुरा केला. १८८१ मध्ये गाडी चन्नपट्टणपर्यंत धावू लागली आणि १८८२ मध्ये म्हैसूरला पोचली. पुढे हा मार्ग चालवायला सदर्न मराठा कंपनीकडेच गेला. श्रीरंगपट्टणकडून आलेला रूळ शहराच्या पश्चिम अंगाच्या स्टेशनात शिरला. राजवाड्याच्या पूर्वेची नजरबाद ही वस्ती त्यापासून दूर राहिली. कोणत्या वस्तीच्या वाट्याला फाटक येणार, हे रूळ कुठून गेला एवढ्यावरच ठरे. ज्यांच्या वाटेत तो आला त्यांनी तो मागितला होता असे क्वचितच झाले असेल.

१८९० च्या रेल्वे कायद्याने या वाटांचा हिशेब घालून दिला. रूळ टाकताना जी वाट आधीपासून होती, तिच्यासाठी ओलांडण्याची सोय कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायची. मार्ग सुरू झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर मात्र नवी सोय हवी असेल तर ती मागणाऱ्याने पैसे भरायचे. फाटकाला दरवाजे किंवा साखळ्या लावणे आणि ते उघडझाप करायला माणूस नेमणे हे सरकार जिथे सांगेल तिथे. म्हणजे माणूस असणे हा नियम नव्हता. तो मागून मिळवायचा होता. स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, १९८९ चा नवा आला, पण दहा वर्षांची ती रेघ त्यातही राहिली.

या रेघेचे परिणाम खोलवर झाले. १८८० मध्ये ज्या वाटेवरून दिवसाला चार बैलगाड्या जात, तिथून १९८० मध्ये एसटी, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या. वाहने वाढली ती रस्त्यावर, म्हणून खर्च रस्तावाल्यांनी उचलावा, असे रेल्वेचे म्हणणे. धोका उत्पन्न होतो तो रुळामुळे, म्हणून रेल्वेने करावे, असे राज्यांचे म्हणणे. ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला फाटकावरच्या माणसाचा वर्षानुवर्षांचा पगार भरणे झेपण्याजोगे नव्हते. आठ-आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर एका फाटकाला तीन माणसे आणि वर रजेसाठी एक लागतो. शिवाय झोपडी, टेलिफोन, दिवा. एकदाचा खर्च नव्हे, कायमचा.

फाटकावरचा माणूस काय करतो हे प्रवाशांना फारसे दिसत नाही. स्टेशनमास्तर त्याला फोनवर गाडी सुटल्याचे सांगतो, तो फाटक लावतो आणि ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणून ठरलेला आकडा उलट सांगतो. आकड्यांची ही देवाणघेवाण दोन्हीकडच्या वहीत लिहिली जाते. रुळात ट्रक अडकला तर त्याने लाल झेंडी किंवा दिवा घेऊन गाडीच्या दिशेने धावायचे, सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. चाक त्यावरून गेले की स्फोट होतो आणि चालकाला थांबायचा इशारा मिळतो. रात्रीच्या पावसात हे करायला एक माणूस असतो. देशभरातील हजारो फाटकांवर तोही नव्हता.

पैशाची पहिली वाट केंद्राने १९६६ मध्ये काढली. त्यामागे एक कर होता. १९५७ मध्ये रेल्वे प्रवाशांच्या भाड्यावर कर बसला होता, त्याचा पैसा राज्यांना जाई. १९६१ मध्ये तो कर रद्द होऊन भाड्यात मिसळला आणि रेल्वे त्याबदल्यात राज्यांना ठराविक रक्कम देऊ लागली. १९६६ मध्ये ‘रेल्वे सुरक्षा कार्य निधी’ उभा राहिला. उड्डाणपूल, भुयारी रस्ते आणि फाटकांवर माणूस नेमणे यांसाठी राज्यांना त्यातून मदत मिळणार होती. कल्पना चांगली होती. पण राज्याने आपला वाटा घातला तरच निधी सुटत असे आणि राज्याच्या अंदाजपत्रकात फाटकाच्या आधी धरण, शाळा, रस्ता येई.

पुलाच्या खर्चाची निम्मी-निम्मी वाटणी रूढ झाली. ती मिळवायला फाटकाने एक लाखाची परीक्षा पास व्हावी लागे. चोवीस तासांत जितक्या रेल्वेगाड्या जातात त्यांची संख्या आणि तितक्याच वेळात ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे त्या फाटकाचे टीव्हीयू. मोटार, ट्रक, बैलगाडी, टांगा यांना पूर्ण एक गुण, रिक्षाला अर्धा, सायकल आणि दुचाकीला पाव. गुणाकार लाखावर गेला की ते फाटक उड्डाणपुलाला पात्र. फाटकावर माणूस नेमायलाही असाच, पण काही हजारांचा आकडा हवा.

गणिताने रांग लावण्यात मुळात काही वाईट नाही. पैसा थोडा असतो तेव्हा जिथे वर्दळ जास्त तिथे तो आधी जावा. पण या गुणाकारात एका गोष्टीला जागाच नव्हती. रामटेकसारख्या फाट्यावर दिवसात मोजक्या गाड्या धावतात. वर्षातले बहुतेक दिवस त्या फाटकावरून चार-दोन ट्रॅक्टर आणि सायकली जातात. त्यांचा गुणाकार कधीच मोठा होत नाही. आणि एखाद्या दिवशी एकाच ट्रॉलीत सगळे वऱ्हाड बसते. त्या ट्रॉलीला गणितात गुण मिळतो एक. कमी गाड्यांच्या फाटकावर माणसे गाफीलही जास्त असतात. रोज दहादा गाडी दिसते तिथे माणूस थांबून पाहतो, दिवसात दोनदाच येते तिथे ती येईल असे त्याला वाटतच नाही. टीव्हीयूची वही हे धरत नव्हती, आणि म्हणूनच सर्वांत ओसाड फाटकांवर सर्वांत मोठे अपघात होत राहिले.

न्यायालयाने या हिशेबाला पहिला मोठा धक्का दिला. १९७९ मध्ये केरळात बिनमाणसाच्या फाटकावर प्रवासी बस आणि रेल्वेची टक्कर होऊन चाळीस प्रवासी गेले होते. खटला फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९९७ मध्ये निकाल लागला. वाहतूक इतकी वाढलेली असताना रेल्वेने तिथे माणूस नेमला नाही, ही रेल्वेचीही हयगय आहे आणि रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाची काळजी घेण्याचे कर्तव्य कायद्याच्या कलमात लिहिलेले नसले तरी रेल्वेवर असतेच, असे न्यायालयाने मानले. अपघात आणि निकाल यांच्या मध्ये अठरा वर्षे गेली. तरीही त्या निकालाने एक गोष्ट झाली: ‘चूक चालकाची’ म्हणून वही मिटवता येणार नाही हे लेखी झाले.

दुसऱ्या देशांनी हा पेच निराळ्या रीतीने सोडवला होता. जपानने १९६१ मध्येच फाटकसुधारणेचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत १९७३ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानुसार केंद्र सरकारने रेल्वे फाटकांसाठी वेगळा पैसा राखून ठेवायला सुरुवात केली. तो रेल्वे कंपन्यांच्या खिशातून नव्हे, महामार्गांच्या तिजोरीतून येतो. मर्म त्यातच आहे. फाटकाचा फायदा रस्त्यावरच्या माणसाला होतो असे मानले तर पैसा रस्त्याच्या करातून यायला हवा. आपल्याकडे हे २००० मध्ये झाले. केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पेट्रोल-डिझेलवरचा उपकर वाटून दिला. डिझेलच्या उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांना गेला. उरलेला अर्धा आणि पेट्रोलचा सगळा उपकर मिळून जी रक्कम होते तिचे साडेबारा टक्के रेल्वेच्या उड्डाणपुलांसाठी, भुयारी रस्त्यांसाठी आणि बिनमाणसाच्या फाटकांवरच्या सुरक्षेसाठी. ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणारा शेतकरी आता आपल्याच वाटेवरच्या फाटकाचा पैसा भरू लागला होता.

त्याच सुमारास न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या समितीच्या शिफारशीवरून १७ हजार कोटींचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी सुरू झाला. तिकिटावर सुरक्षा अधिभार बसला. तो पैसा मुख्यतः झिजलेले रूळ, जुने पूल, जुनी सिग्नलयंत्रणा बदलायला गेला. त्यात फाटकांना मोठा वाटा मिळाला नाही.

म्हणून कन्हानच्या वेळी चित्र असे होते: उपकर सुरू होता, निधी होता, निकाल होता आणि फाटकावर माणूस नव्हता. राज्यभर अर्धवट पूल उभे होते. रेल्वेने आपल्या हद्दीतला, रुळावरचा भाग बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे चढ राज्याने, अशी विभागणी होती. त्यामुळे कुठे मधला गाळा तयार होऊन वर्षानुवर्षे हवेत लोंबकळत राहिला, कुठे चढ तयार झाले आणि मधला गाळा आला नाही. जमिनीचा मोबदला, वीजवाहिन्या, अतिक्रमणे, रेल्वेच्या नकाशाची मंजुरी या सगळ्यांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर होत्या. दोन्ही खाती प्रामाणिकपणे काम करत असली तरी पूल पुरा होण्यासाठी दोघांचा पैसा एकाच वर्षी यावा लागे, आणि तो क्वचितच येई.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये रेल्वेने सुरक्षेसाठी एक उच्चस्तरीय समिती नेमली. अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर. अणुऊर्जेच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे रेल्वेच्या सुरक्षेचे काम देणे अनेकांना विचित्र वाटले असेल. मला ती निवड फार योग्य वाटते. अणुभट्टीत काम करणारा माणूस ‘चूक होणारच’ असे गृहीत धरून यंत्रणा बांधतो; चूक करणाऱ्याला शिक्षा सुनावून तो समाधानी होत नाही. समितीत ई. श्रीधरन होते, कानपूर आयआयटीचे संचालक राहिलेले संजय धांडे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या अहवालात रूळ ओलांडताना आणि रुळावरून चालताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या घरातली एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, हे शासनाच्या तोंडावर स्पष्टपणे ठेवले गेले. फाटकांबद्दल समितीने अर्धीमुर्धी शिफारस केली नाही. माणूस असलेली आणि नसलेली सगळीच फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत, त्याला अंदाजे ५० हजार कोटी रुपये लागतील, असे तिने सांगितले. आणि त्या खर्चाचा हिशेबही मांडला: फाटकांवरचा रोजचा खर्च आणि त्यांच्यामुळे गाड्यांचा होणारा खोळंबा वाचल्याने सात-आठ वर्षांत पैसा परत येईल.

हा मुद्दा फार मोलाचा होता. तोवर फाटकावरचा पैसा म्हणजे दया, मदत, अनुदान. काकोडकरांनी तो गुंतवणूक म्हणून मांडला. मुंबईकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. दिवा स्टेशनजवळचे फाटक एकदा उघडले की मागच्या लोकलना सिग्नल मिळत नाही, कारण फाटक बंद झाल्याखेरीज तिथला सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. पाच मिनिटांचे फाटक कल्याणपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत हजारो लोकांच्या हजेरीपटावर जाऊन पोचते.

अहवाल आला, पण पैसा लगेच आला नाही. १ एप्रिल २०१४ रोजी देशात ३०,३४८ फाटके होती आणि त्यांतली ११,५६३ बिनमाणसाची. त्याच वर्षी २४ जुलैला तेलंगणात मेडक जिल्ह्यातल्या मासाईपेठला शाळेची बस बिनमाणसाच्या फाटकात शिरली आणि नांदेडहून सिकंदराबादला निघालेली पॅसेंजर तिच्यावर आदळली. डझनाहून अधिक मुले गेली. २०१४-१५ या एका वर्षात बिनमाणसाच्या फाटकांवर पन्नास अपघातांची नोंद झाली.

यानंतरची पाच वर्षे या इतिहासातली सर्वांत वेगवान. रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात ९७० उड्डाणपूल आणि भुयारी रस्ते मंजूर करून ३,४३८ फाटके काढायचे ठरवले. रेल्वेचा वाटा ६,५८१ कोटींचा. मार्च २०१६ मध्ये नितीन गडकरींच्या खात्याने ‘सेतू भारतम्’ जाहीर केले: राष्ट्रीय महामार्गांवर रेल्वे फाटक उरू द्यायचे नाही, त्यासाठी २०८ पूल, २०,८०० कोटी. महामार्गावरचा पूल रस्तेखात्यानेच बांधायचा म्हटल्यावर निम्म्या-निम्म्याचा वाद त्या फाटकांपुरता संपला. राज्यांमध्येही असा प्रयत्न झाला. महाराष्ट्र शासन आणि रेल्वे यांनी निम्म्या भागीदारीत ‘महारेल’ ही कंपनी काढली. मधला गाळा एकाने आणि चढ दुसऱ्याने बांधायचा प्रकार टाळून अख्खा पूल एकाच हाताने बांधावा, हा त्यामागचा हेतू.

फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ जाहीर केला. पाच वर्षांत एक लाख कोटी; दरवर्षी २० हजार कोटी, त्यांतले १५ हजार सरकारचे आणि पाच हजार रेल्वेने स्वतः उभे करायचे. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची सर्व फाटके २०२० पर्यंत संपवायचे त्यात ठरले. तोवर ‘गेट मित्र’ नेमले जात होते. फाटकाजवळ उभे राहून वाहने थांबवणारी स्थानिक माणसे. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ शाळेच्या व्हॅनमधली १३ मुले गेली, तेव्हा त्या फाटकावर गेट मित्र होता. त्याने चालकाला थांबवायचा प्रयत्न केल्याचे रेल्वेने सांगितले. दांडा नसलेल्या ठिकाणी हाक मारणारा माणूस पुरत नाही, हे त्या दिवशी तेरा मुलांच्या जिवाने सिद्ध झाले. पीयूष गोयल तेव्हा रेल्वेमंत्री होते. कामाची मुदत २०२० वरून अलीकडे ओढली गेली. २०१८-१९ या वर्षात ३,४७९ बिनमाणसाची फाटके काढली गेली आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवर त्यांतले एकही उरले नाही. त्या वर्षी अशा फाटकांवरच्या अपघातांची संख्या तीनवर आली होती.

सव्वाशे वर्षांत जे झाले नाही ते पाच वर्षांत झाले. तंत्र नवे नव्हते. तयार सिमेंटच्या चौकटी रुळाखाली ढकलायच्या किंवा काही तासांचा ब्लॉक घेऊन रूळ उचलून क्रेनने बसवायच्या, ही पद्धत इंजिनियरांना आधीपासून ठाऊक होती. फरक पडला तो पैसा एका नावाने, एका मुदतीसाठी आणि एका खात्याच्या अंगावर आल्यामुळे. म्हणूनच या यशाचा मला अभिमान वाटतो. आणि म्हणूनच पुढच्या गोष्टीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात.

‘काढले’ या शब्दात तीन निराळ्या गोष्टी मोडतात. काही फाटकांवर माणूस नेमला. काही फाटके सरळ बंद करून वाट जवळच्या दुसऱ्या फाटकाला जोडली. तिथल्या शेतकऱ्याचे रान रुळापलीकडे असेल तर त्याच्या बैलगाडीला रोजचा वळसा पडला. आणि बाकीच्यांखाली कमी उंचीचे भुयारी रस्ते आले. हे भुयारी रस्ते पावसाळ्यात तळी होतात. काळ्या मातीच्या सखल भागात रस्ता रुळाच्या खाली नेला की पाणी तिथेच येणार, हे अंदाजपत्रक करताना दिसत असते. पण पाणी बाहेर काढायचा पंप, त्याची वीज, गाळ उपसणारा माणूस हे कोणाच्या खात्यात, हा प्रश्न पुन्हा दोन खात्यांच्या मध्ये पडला. गाव म्हणते रेल्वेने बांधले, रेल्वे म्हणते रस्ता जिल्हा परिषदेचा. कडब्याची उंच गाडी तर त्यातून जातच नाही. शाळकरी मुले गुडघाभर पाण्यातून जाण्यापेक्षा वरून रूळ ओलांडतात. धोका फाटकावरून हलून भुयाराच्या माथ्यावर गेला, तर त्याला फाटक संपणे म्हणता येत नाही.

कोषाच्या पैशाचेही लेखापरीक्षण झाले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसले की रेल्वेने पहिल्या चार वर्षांत स्वतःच्या वाट्याचे २० हजार कोटी घालायचे होते, त्यांतले १५,७७५ कोटी घातलेच नाहीत. आणि जो पैसा आला त्यातून काही ठिकाणी पाय चेपायची यंत्रे, क्रॉकरी, फर्निचर अशा वस्तू घेतल्या गेल्या. मासाईपेठ आणि कुशीनगरच्या मुलांच्या नावाने मागितलेला पैसा त्यात होता. कार्यालयाच्या कपबशीला त्यातून एक रुपयाही जायला नको होता. कोषाला पुढे आणखी पाच वर्षांची मुदत आणि सरकारकडून ४५ हजार कोटी मिळाले आहेत. ते कुठे खर्च होतात हे संसदेने दरवर्षी विचारले पाहिजे, आणि मराठी खासदारांनी तर हक्काने.

आता देशात माणूस असलेली सतरा हजारांच्या घरातली फाटके उरली आहेत. त्यांतल्या कितीतरी फाटकांचा दांडा सिग्नलशी जोडलेला नाही. ज्याला इंटरलॉकिंग म्हणतात त्यात फाटक पूर्ण लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही. माणूस विसरला तरी गाडी थांबते. इंटरलॉकिंग नसेल तर सगळा भार एका माणसाच्या जागेपणावर आणि फोनवरच्या आकड्यावर. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला अशाच एका फाटकावर शाळेची व्हॅन रेल्वेखाली सापडली आणि तीन मुले गेली. फाटकावर माणूस होता. त्यानंतर रेल्वेने सर्व फाटकांवर कॅमेरे बसवायचे ठरवले, फोनवरच्या संभाषणाची रेकॉर्डिंग तपासायला सांगितली आणि इंटरलॉकिंगसाठी लागणारी टीव्हीयूची अट दहा हजारांवरून पाच हजारांवर आणली. अट खाली आली हे चांगले झाले. पण कन्हानच्या त्या फाटकासारख्या ठिकाणचा गुणाकार पाच हजारांपर्यंत तरी पोचेल का, हे रेल्वेने प्रत्येक विभागाच्या यादीसह जाहीर करावे. आणि जिथे पोचणार नाही, तिथे अटीला अपवाद करण्यासाठी लागणारा पैसा त्याच ४५ हजार कोटींतून काढून ठेवावा.